फिग्मा फाइल नावावर करून दिली आणि पस्तीस हजार बुडाले

मी भुसावळचा, घरूनच फिग्मा या ऑनलाइन डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाइन करतो. मागच्या मे महिन्यात पुण्याच्या एकाचं काम आलं: पाळणाघरातल्या ताया आणि पालक यांना जोडणारं अ‍ॅप. चाळीस हजार ठरले, पाच हजार लगेच आले. त्या पाच हजारांनीच मी गाफील झालो.

आमच्या गल्लीतल्या पाळणाघरात आठवडाभर भर दुपारी जाऊन बसलो. बाहेर भुसावळचं ऊन, आत कूलरची घरघर. पोरं बहुतेक रेल्वेत ड्युटी करणाऱ्यांची. ताईंचा एक हात कायम कुणाच्या तरी पाठीवर थोपटत असायचा. टाइप करणार कधी? म्हणून कीबोर्डच काढून टाकला आणि अंगठा पोहोचेल तिथे तीन मोठी बटणं ठेवली: जेवलं, झोपलं, शी-शू. संध्याकाळी न्यायला आजोबा येणार की काका, त्यांचा फोटो पालकांनी आधीच पाठवायचा, ही कल्पना तर ताईंचीच.

सगळ्या स्क्रीन झाल्या तशी त्याची घाई सुरू झाली. "भाऊ, उद्या इन्व्हेस्टरला दाखवायचंय. फाइल आमच्या अकाउंटच्या नावावर कर, संध्याकाळी पैसे टाकतो." (भाऊ म्हणायला तो आमच्याकडूनच शिकला होता.) मी केली. मालकी गेली की समोरचा तुम्हाला तुमच्याच फाइलमधून काढू शकतो, हे माहीत असूनही केली. रात्री लिंक उघडेना. आधी अकाउंटवाले सुट्टीवर होते, मग डिझाइन पसंत नव्हतं, मग माझा नंबर ब्लॉक.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. वकिलांनी मात्र सांगितलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी सही केल्याशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाही. फाइल दिली म्हणजे हक्क दिला असं नाही. पण आपलं काम आहे हे दाखवायला तारखेसकट प्रत लागते, आणि ती मी ठेवलीच नव्हती. उरले व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि वहीतली कच्ची चित्रं.

आता मी निम्मे पैसे आधी घेतो, दाखवायला फक्त वॉटरमार्क टाकलेली पीडीएफ पाठवतो आणि मूळ फाइल शेवटचा रुपया जमा झाल्यावरच देतो. दोन गिऱ्हाईकं यावरून तुटली. तुटू देत.

परवा प्ले स्टोअरवर ते अ‍ॅप दिसलं. रंग बदललेत, माझी तीन बटणं तशीच. आणि नमुन्याच्या मेसेजमध्ये मी गमतीने टाकलेली अहिराणी त्यांनी वाचलीच नाही बहुतेक: "पोऱ्या जपी गया", म्हणजे पोरगा झोपला. स्क्रीनशॉट काढून वकिलांना पाठवलाय.