वेल्सचं बक्षीस आणि सोन्याचा कळस

पुणे जिल्ह्यातल्या आमच्या नीरेला गेल्यावर कुणी विचारलं, "तिकडं वेल्समध्ये काय शिकतीयेस?" तर मी "इंग्रजी" म्हणून मोकळी होते. "इंग्रजीतलं वेल्श लेखन" म्हटलं की पुढचा चहा गार झालाच म्हणून समजा. वेल्श ही वेगळी भाषा, मग तिचं लेखन इंग्रजीत कसं? आपले कोलटकर मराठीतही लिहीत आणि इंग्रजीतही, एवढं सांगून मी सुटका करून घेते. वेल्सचे कवी आर. एस. टॉमस यांच्याबद्दल सांगायला हवं खरं तर. कविता इंग्रजीत, वेल्श शिकले मोठेपणी, आणि १९८५ साली आत्मचरित्र लिहिलं ते मात्र वेल्शमध्ये. पण तोवर समोरचा माणूस शेतावर निघून गेलेला असतो.

या विषयावरच्या अभ्यासपूर्ण निबंधासाठी एम. विन टॉमस पारितोषिक आहे. 'असोसिएशन फॉर वेल्श रायटिंग इन इंग्लिश' ही संस्था ते देते. मी त्यासाठी अ‍ॅलिन लुइस या वेल्श कवीवर निबंध पाठवला होता. बक्षीस मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कौतुक करतेय ते कशाच्या बदल्यात नाही हे कळेल.

सगळ्यात आवडलं ते हे, की इथे विषय अस्तित्वात आहे हे सिद्ध करत बसावं लागत नाही. याच निबंधाचा पहिला खर्डा मी भारतातल्या एका नियतकालिकाला पाठवला होता. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: कवी ब्रिटिश आहे, युद्धकवी म्हणून लिहा, वेल्सचा संबंध काय? म्हणजे वीस पानांतली पहिली पाच वेल्स कुठे आहे हे सांगण्यात घालवायची. इथे वाचणारे याच प्रांतातले. ती पाच पानं मी बिनघोर कापली.

दुसरं म्हणजे दोन गट आहेत, एक सर्वांसाठी खुला आणि एक नव्या अभ्यासकांसाठी. अकरा वर्षं बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवून मग पीएच.डी.ला बसलेल्या माझ्यासारखीला तीस वर्षं पुस्तकं लिहिणाऱ्या प्राध्यापकांशी झुंजायला लावत नाहीत. वय विचारून नवं-जुनं ठरवलं असतं तर मात्र माझी पंचाईत होती!

ज्यांच्या नावाने हे बक्षीस आहे, त्यांच्याबद्दलही थोडं. एम. विन टॉमस वेल्समधल्या स्वॉन्सी विद्यापीठाचे प्राध्यापक, घरची भाषा वेल्श, अभ्यास अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचा आणि वेल्सच्या दोन्ही भाषांतल्या साहित्याचा. व्हिटमनच्या कविता त्यांनी वेल्शमध्ये नेल्या. नुसता इंग्रजीचा कप्पा उघडून बसणाऱ्याचं नाव या बक्षिसाला शोभलं नसतं.

आता माझा निबंध. अ‍ॅलिन लुइस, जन्म १९१५, अ‍ॅबरडेअरजवळच्या कुमामन या कोळशाच्या खोऱ्यातल्या गावातला. डिसेंबर १९४२मध्ये पलटणीबरोबर मुंबईला उतरला, आणि तळ पडला तो आमच्या नीरेला. फुटबॉल खेळताना जबडा मोडून घेतला, पुण्याच्या इस्पितळात पडून राहिला. ५ मार्च १९४४ला ब्रह्मदेशातल्या आराकानात मरण पावला, अठ्ठावीस वर्षांचा. 'द मराठा घाट्स' आणि 'करंजे व्हिलेज' अशा त्याच्या दोन कविता आहेत. करंजे! आमच्या शेजारचं, सोमेश्वराचं. म्हणजे तेच करंजे, असा माझा तर्क.

वेल्स समजावून सांगावं लागलं नाही, पण घाट समजावून सांगावा लागला. घाट म्हटलं की तिकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काशीच्या पायऱ्या येतात. कवितेत दऱ्या भेगाळतात, माळरानं काळे दात रुतवतात आणि वर घाटावर नुकतीच उलथलेली माती तांबडी असते. वाचलेल्या समीक्षेत हे सगळं युद्धाचं प्रतीक. असेल. पण खाली काळी रानं आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा, वर घाटमाथ्यावर तांबडी माती आणि पावसाआधीची नांगरट, हे ज्याने पाहिलंय त्याला कळतं की खाणीतल्या गावाच्या या पोराने आधी जमीन नीट बघितली होती. शेवटी तो स्वतःला बिनजमिनीचा शिपाई म्हणतो, तेव्हा ते मग जास्त लागतं.

'करंजे'मध्ये झाडूवाला त्याला सांगतो की गावात देऊळ आहे, सोन्याच्या छपराचं. हा जाऊन बघतो तर डुकरं आणि गिधाडं. सोन्याचं छप्पर वाचून मी हसलेच. झाडूवाला 'सोन्याचा कळस' म्हणाला असणार! कळसाचं छप्पर झालं आणि कवीची निराशा उगाच दुप्पट झाली. या एका शब्दावर मी तीन पानं लिहिली. मार्गदर्शक म्हणाल्या, एक पान पुरे. ऐकायला हवं होतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. या विषयाचं जग लहान आहे. स्वॉन्सी, कार्डिफ, ॲबरिस्टविथ, बॅंगर ही विद्यापीठं मोजली की संपत आलं. संस्थेची संमेलनं वर्षानुवर्षं पॉविसमधल्या ग्रेगिनॉग या हवेलीत होत आली आहेत. कलासंग्राहक डेव्हिस भगिनींची ही एके काळची हवेली. लांबून काळ्यापांढऱ्या लाकडी पट्ट्यांची जुनी वास्तू दिसते, जवळ जाऊन हात लावला तर काँक्रीट. मी दोनदा चाचपून पाहिलं. तिथे जेवणाच्या टेबलावर सगळे एकमेकांना नावाने ओळखतात आणि नवखा माणूस मीठ मागतानाही आधी स्वतःची ओळख करून देतो. आणि बक्षीस मिळालं म्हणून नोकरी लागेल, या भ्रमात कुणी राहू नये.

तरी तुमचा निबंध तयार असेल तर पाठवा. विशेषतः आपल्याकडच्यांनी. १९४३ची नीरा तिथे कुणी पाहिलेली नाही.

मी पुन्हा पाठवणार आहे. कवितेत दगडी विष्णूही आहे, आणि करंज्याचं देऊळ तर महादेवाचं. म्हणून आत्तेभावाला सांगितलं, की आवारात विष्णूची मूर्ती आहे का बघ आणि फोटो पाठव. त्याने लगेच सात फोटो पाठवले. दोन कळसाचे आणि पाच त्याच्या नव्या ट्रॅक्टरचे.