मालिका बघाव्यात की पटकथा वाचाव्यात? इंग्रजी येतं पण अडतं, अशांसाठी

इंग्रजी पेपर वाचता येतो, ईमेल लिहिता येतात, मुलाखतही निभावते. पण सोलापूर सोडून पुण्यातल्या कंपनीत लागलं, की कॉलवर समोरचा अमेरिकन माणूस भरभर दोन वाक्यं बोलून हसतो आणि आपणही न कळता हसतो. हे लिहिलंय ते या टप्प्यावरच्या लोकांसाठी. ज्यांचं व्याकरणच अजून डळमळतंय त्यांनी आधी ते पक्कं करावं, मालिका बघून काळ आणि क्रियापदं सुधारत नाहीत.

इथे दोन सल्ले मिळतात. ‘सिरीज बघ’ हा कुणीही देतं, ‘स्क्रिप्ट वाच’ हा क्वचित. औषधं दोन्ही खरी, दुखणी मात्र वेगळी.

मालिकेचा खरा फायदा कानाला. मराठी माध्यमातून आलेल्याने इंग्रजी बहुतेक डोळ्यांनी शिकलेलं असतं. त्यामुळे ‘वुड हॅव’ कागदावर लगेच कळतं, पण बोलणाऱ्याने त्याचं ‘वुडव’ केलं की शब्दच ओळखू येत नाही. शब्द एकमेकांत कसे मिसळतात हे पुस्तकातून कळणार नाही. त्यात मालिकेत तीच माणसं भागामागून भाग बोलत असतात, म्हणून त्यांच्या लकबी अंगवळणी पडतात. दर वेळी नवा चित्रपट बघण्यापेक्षा एकच मालिका धरून ठेवणं बरं, ते यासाठी.

शब्दसंग्रह वाढेल या आशेने बघत असाल तर मात्र थोडं थांबा. स्टुअर्ट वेब आणि मायकल रॉजर्स या भाषा-अभ्यासकांनी २००९ साली टीव्ही कार्यक्रमांच्या भाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वाधिक वापरातली सुमारे ३००० शब्दकुळं (म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली त्याची रूपं मिळून एक कूळ) आणि विशेषनामं येत असली की कार्यक्रमांतले जवळपास ९५ टक्के शब्द ओळखीचे होतात, आणि ९८ टक्क्यांपर्यंत जायला ७००० लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे पदवीपर्यंत इंग्रजी वाचलेल्याला यातले बहुतेक शब्द आधीच येतात. अडचण वेगाची असते.

सबटायटल लावायचे तर इंग्रजीच. मराठी किंवा हिंदी लावले की कान सुट्टीवर जातो. तरी एक लक्षात ठेवा, सबटायटल म्हणजे बोललेलं जसंच्या तसं असतंच असं नाही. दोन ओळींत आणि वाचायच्या वेळेत बसवण्यासाठी वाक्यं बऱ्याचदा छाटलेली असतात. कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचे कॅप्शन मिळाले तर ते निवडा. त्यात दार कुरकुरलं, कुणी उसासा टाकला, तेही लिहिलेलं असतं, आणि असे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसतात.

मालिकांची मोठी उणीव सोलापूरकराला वेगळी समजावून सांगायला नको. पूर्व भागात तेलुगू शेजारात वाढलेला मराठी माणूस तेलुगू सिनेमा आरामात बघतो, विनोदावर वेळेवर हसतो, आणि शेजारच्या मावशींनी तेलुगूत काही विचारलं की उत्तर मराठीत देतो. कान तयार झाला म्हणून जीभ होत नाही. वर्षानुवर्षं इंग्रजी मालिका बघणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

पटकथा कामाला येते ती इथे. ती मोठ्याने वाचावी लागते. मनातल्या मनात वाचली तर निम्मा उपयोग गेला. संवाद बोलण्यासाठीच लिहिलेले असल्यामुळे वाक्यं तोंडात बसतात. मुद्दा खोडायचा पण माणूस दुखवायचा नाही, नकार द्यायचा पण ‘नाही’ म्हणायचं नाही, असली वळणं थांबून, मागे जाऊन, पुन्हा म्हणून बघता येतात. शिवाय संवादांच्या मधला मजकूर. पटकथेत दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचा रिवाज आहे, तेही वर्तमानकाळात आणि थोडक्यात. कप टेबलावर ‘ठेवला’ की ‘आदळला’ हे एका क्रियापदात सांगावं लागतं. आपल्या निबंधी, लांबलचक इंग्रजीला ही चांगली शिस्त लागते.

ठोकताळा असा की पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. ‘द सोशल नेटवर्क’ची पटकथा मात्र सुमारे १६० पानांची आणि चित्रपट दोन तासांचा, कारण त्यातली पात्रं धाप लागेल इतकी भरभर बोलतात. सुरुवातीलाच ती घेऊ नका.

पटकथेचे तोटेही आहेत. उच्चार ती शिकवत नाही. चुकीचा उच्चार मोठ्याने घोटला तर तोच पक्का होतो. आणि खरं सांगायचं तर ती कंटाळवाणी असते. रात्री दमून आल्यावर मालिका बघवते, पटकथा नाही.

मग कुणी काय निवडावं? परदेशी ग्राहकांशी कॉलवर बोलायचं असेल तर आधी मालिका, आणि काही भागांनंतर कॅप्शन बंद. वर्गात शिकवणारे, सादरीकरण करणारे, मुलाखतीची तयारी करणारे, यांनी पटकथाच घ्यावी. स्पर्धा परीक्षावाल्यांना अपवाद म्हणून एक मालिका सुचवीन, बीबीसीवर १९८० साली सुरू झालेली ‘येस मिनिस्टर’. सरकारी अधिकारी लांबच लांब वाक्यांत काहीच कसं सांगत नाही, हे त्यात ऐकण्यासारखं आहे.

दोन्ही करायला वेळ असेल तर एकाच प्रसंगावर करा. आधी न वाचता बघा, मग तेवढी तीन-चार पानं मोठ्याने वाचा, मग पुन्हा बघून आपलं वाचन कुठे वेगळं पडलं ते ऐका. यासाठी माझी पसंती ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ला, १९५७चा चित्रपट. जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो, बारा माणसं वाद घालतात, आणि शांत, चिडका, घाबरट, तुसडा असे मतभेदाचे सगळे सूर त्यात सापडतात.

पटकथांसाठी खर्च फारसा नाही. पुरस्कारांच्या हंगामात अनेक स्टुडिओ आपल्या चित्रपटांच्या पटकथा पीडीएफ स्वरूपात मोफत ठेवतात. हव्या त्या प्रसंगाची पानं कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून घ्या, समासात पेन्सिलीने लिहिता येतं. पीडीएफ उतरवून घेताना एवढं तपासा की हाती आलेली खरी पटकथा आहे, की कुणी चित्रपट ऐकून लिहून काढलेले नुसते संवाद. संवादांच्या मध्ये प्रसंगाचं वर्णन नसेल तर दुसरी प्रत शोधा.