केमिस्ट्री किट घ्या, पण पुस्तिका आधी काढून ठेवा

सहावीतल्या नातीसाठी सूनबाईंनी ऑनलाइन केमिस्ट्री किट मागवलं. खोक्यावर 'वय १० वर्षे व पुढे', 'शंभरहून अधिक प्रयोग' आणि 'होमी भाभा प्रॅक्टिकलसाठी उपयुक्त' (म्हणजे होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेतली प्रात्यक्षिकं) असं सगळं छापलेलं. किंमत १,४९९ रुपये. माझी उभी नोकरी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून झाली, त्यामुळे खोकं उघडल्यावर नातीच्या आधी माझाच हात आत गेला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी किटं साधारण एकाच साच्यातली असतात, तेव्हा दुसरं कुठलं घेणार असाल तरी हे वाचून ठेवायला हरकत नाही.

आधी सामान. परीक्षानळ्या प्लॅस्टिकच्या आहेत. यावर पुष्कळ पालक नाक मुरडतात, मी नाही मुरडत. या वयात तापवायची घाई नको, आणि काच फुटली की घरभर तुकडे शोधत बसावं लागतं. फक्त कडक, काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक असेल तर डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. ॲसिटोनने ते विरघळतं. ड्रॉपर चांगले आहेत. चष्मा चांगला, मागचा पट्टा लहान डोक्यालाही आवळता येतो. स्टँड पुठ्ठ्याचा, पाणी सांडल्यावर त्याने मान टाकली. हातमोजे मोठ्या माणसाच्या मापाचे. नातीच्या बोटांपुढे रिकामी टोकं लोंबत होती आणि त्यामुळेच नळी निसटत होती. ते घालण्यापेक्षा प्रयोग झाल्यावर साबणाने हात धुतलेले बरे.

शंभर प्रयोगांचं म्हणाल तर लिटमस लिंबाच्या रसात बुडवा हा एक प्रयोग, चिंचेच्या कोळात बुडवा हा दुसरा, ताकात बुडवा हा तिसरा. अशाने आमच्या फ्रीजमधूनच पन्नास निघतील. खरोखर वेगळे म्हणावे असे वीस-बावीस. त्यातही खायचा सोडा आणि लिंबूसत्त्वाचा ज्वालामुखी तीन वेगवेगळ्या रंगांत करायला सांगितलाय. पोरं खूश होतात, होऊ देत.

माझी खरी तक्रार पुस्तिकेबद्दल आहे. प्रत्येक प्रयोगाखाली 'तुम्हाला असे दिसेल' म्हणून चौकट, आणि चौकटीत रंगीत फोटो. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात खिळा ठेवायचा प्रयोग घ्या. चौकटीत लिहिलंय, 'खिळ्यावर तांबूस थर जमेल.' नातीने किटातला खिळा बुडवला, थोड्या वेळाने काढला, तर त्यावर काळा, भुसभुशीत, बोटाने निघणारा गाळ. तिने वहीत 'काळा थर' असं लिहिलं. मग पुस्तिकेकडे पाहिलं, खोडरबर काढला, 'काळा' खोडलं आणि 'तांबूस' लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो.

खिळा हातात घेतला तर किटातले सगळेच खिळे चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेले. जस्त मोरचुदातलं तांबं भराभर बाहेर काढतं आणि ते बारीक, काळपट गाळासारखं बसतं. साध्या लोखंडावर तेच तांबं सावकाश, तांबूस दिसतं. म्हणजे पोरीचं निरीक्षण बरोबर होतं, पुस्तिका लिहिणाऱ्याने आपल्याच किटातला खिळा बुडवून पाहिला नव्हता. सुताराकडून साधा खिळा आणला, पॉलिश पेपरने घासला आणि दोन्ही खिळे दोन नळ्यांत शेजारी ठेवले. तेव्हा कुठे तिने विचारलं, "आजोबा, हा काळा का आणि तो लाल का?" एवढ्या एका प्रश्नासाठी मी किटाला एक गुण वाढवून देतोय, जरी त्यात कंपनीचं कर्तृत्व काही नसलं तरी.

मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी, साध्या सरकारी शाळांतून. प्रयोगाचं सामान शाळेत आणि मुलांच्या हातातल्या पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न. उत्तरं आपली आपण करून, बघून लिहायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. २००२ मध्ये तिथल्या सरकारने तो बंद केला. पन्नास वर्षांपूर्वी खेड्यातल्या शाळेत जे जमत होतं, ते दीड हजाराच्या खोक्यात का जमू नये?

आम्ही पुस्तिका कपाटात टाकली आणि बाटल्यांवर अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावल्या. सोडा, धुण्याचा सोडा, मीठ, लिंबूसत्त्व, सगळं पाण्यात विरघळवून. दर्शक म्हणून, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखायला, किटातलं फिनॉल्फ्थॅलीन. खायच्या सोड्यात ते जेमतेम गुलाबीसर होतं, धुण्याच्या सोड्यात गडद. एक सोडा दुसऱ्यापेक्षा जोरकस आहे हे मग कुणी सांगावं लागलं नाही. नंतर हळद. आमच्या सांगलीत हळदीला काय तोटा! गाळणकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या. चुन्याच्या पाण्याने पट्टी लालसर झाली आणि आमच्या सौ. मागून म्हणाल्या, "अगं, कुंकू असंच तर करायचे." त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. किटात हळदीचं काही नाही. लिटमसच्या पट्ट्या मात्र भरपूर दिल्यात, त्या कामाला येतात.

मोरचुदाचंही तसंच. तासगावकडे द्राक्षवाले डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो फवारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला दोन्ही एक-एक किलो. फवारणीआधी ते घासलेलं लोखंडी पातं मिश्रणात बुडवून बघतात. पात्यावर तांबूस आलं की समजायचं चुना कमी पडलाय, अजून घाला. हा नातीचाच खिळ्याचा प्रयोग आहे, फक्त त्यावर बाग अवलंबून असते. पुस्तिकेत एक ओळ याची असती तर ज्वालामुखीची तिन्ही पानं माफ केली असती.

चुन्याच्या निवळीची बाटली किटात आली तीच गढूळ. झाकण घट्ट नसलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाऊन तिचं काम आधीच उरकून टाकतो. ती फेकून द्या. पानाच्या टपरीवरून चुना आणा, बाटलीभर पाण्यात हलवून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्या. त्यात नळीने फुंकलं की दुधी होतं. फुंकायचंय, ओढायचं नाही, हे आधी दोनदा बजावा. पुस्तिका इथेच थांबते. तुम्ही पोराला फुंकतच राहायला सांगा. बराच दम लागतो, पण दुधी पाणी हळूहळू पुन्हा नितळ होतं. नातीला वाटलं मी पाणी बदललं. हा चुना मोठ्यांनीच कालवावा आणि चष्मा इथे सक्तीचा. चुना डोळ्यात उडाला तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा.

सुरक्षिततेत एक गोष्ट मला अजिबात चालली नाही. मोरचुदाच्या पुडीवर फक्त इंग्रजीत नाव आणि कंपनीचा छाप, पोटात जाऊ देऊ नका असं एका शब्दाने नाही. रंग इतका सुंदर निळा की धाकटं भावंड हमखास तोंडात घालेल. शिवाय पुस्तिका म्हणते एक चमचा घ्या. चिमूटभर पुरतो. आम्ही पुडीवर मराठीत 'विष' लिहून ती वरच्या फळीवर ठेवली. स्वयंपाकाची भांडी, चमचे या कामाला वापरायचे नाहीत, आणि प्रयोगाच्या टेबलावर खाणं नाही.

पाचपैकी तीन गुण. शेजारी बसायला कुणी मोठं माणूस असेल तरच घ्या. मुलाच्या हातात देऊन मोबाइल बघत बसणार असाल तर दीड हजार वाचवा. होमी भाभाच्या प्रॅक्टिकलसाठी म्हणून घेत असाल तर नुसती चौकट पाठ करून तिथे काय होणार, ते खिळ्याच्या गोष्टीवरून ओळखा.

रिफिल वेगळं मिळत नाही. लिटमस, फिनॉल्फ्थॅलीन आणि काचेच्या चार परीक्षानळ्या शाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानात सुट्या मिळतात. तिथेच चिनीमातीची खळगेवाली पाटीही मागा. एकेका खळग्यात चार थेंब घेऊन कितीतरी रंग शेजारी-शेजारी बघता येतात आणि धुवायला सोपी. मोरचूद मात्र कृषी सेवा केंद्रातून किलोच्या पाकिटात आणू नका, घरात एवढ्याचं कामच नाही.