चौदा महिने लोखंडी शेकोटी-कुंड वापरून: सगळा घोळ बुडाच्या भोकाचा

परवा रात्री सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि अंगणातल्या फरशीची रुपयाएवढी कपची उडून आईच्या शालीवर आदळली. शाल जाड लोकरीची होती म्हणून निभावलं. तेव्हापासून हे लिहायचंच ठरवलं होतं.

तीस इंची कुंड, तीन पाय, जाळीचं झाकण. बाकीचं तुम्ही पाहिलंच असेल. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात साडेसहा हजारांना ऑनलाइन घेतलं. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा पाच अंशांखाली उतरतो, दुपारपर्यंत धुकं हटत नाही. त्या दिवसांत आईला कुंडाशेजारी बसवलं की ती म्हणायची, "अरे, विझू नको देऊस, गुडघे आत्ता कुठे मोकळे होतायत." एवढ्यावर मी तेव्हा पाच तारे दिले असते.

मग पावसाळा आला. कुंडाच्या बुडाला भोकच नाही! पाणी साचलं, तळाशी राहिलेल्या राखेचा चिखल झाला आणि त्या ओलीने श्रावण सरेपर्यंत बुडाचे पोपडे सुटले. राख मी काढून ठेवायला हवी होती, हे मान्य. पण उघड्यावर ठेवायच्या वस्तूला पाणी जायला वाट नको? फोनवर उत्तर मिळालं की गंज वॉरंटीत बसत नाही, कव्हर घ्या, नऊशे रुपये. मी नाही घेतलं. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने दीडशेत पाच भोकं पाडून दिली.

आणि इथे माझं मत बदललं. भोकांतून खालून हवा मिळाली, जाळ सरळ वर चढू लागला आणि धूर निम्म्यावर आला. लाकडाच्या टालवरची (वखारीतली) बाभूळ तीच, पण डोळे चुरचुरणं थांबलं. (लाकूड मात्र वाळलेलंच हवं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजले पाहिजेत.)

परवाचा प्रकार त्याच भोकांमुळे झाला. निखारे खाली फरशीवर पडले. फरशी इथल्या वालुकाश्माची, सच्छिद्र, आणि आदल्या दिवशी मावठा झालेला. दगडात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि दगड फुटला. आता कुंड विटांवर चढवलंय आणि खाली पत्र्याच्या परातीत कोरडी वाळू घालायची आहे. नदीतले गोटे शोभेला म्हणून आत किंवा भोवती रचू नका, तेही असेच फुटतात.

जागा भिंतीपासून दहा फूट तरी लांब, वर फांदी नको. पेटवायला गोवरीचा तुकडा आणि कापूर पुरतो. रॉकेल, पेट्रोल अजिबात नको. जुन्या प्लायवूडचे तुकडे फुकट मिळतात म्हणून जाळू नका, त्यातल्या गोंदाचा नि रंगाचा धूर विषारी असतो. नायलॉनचं जॅकेट ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं.

आणि उरलेले निखारे घमेल्यात घालून निजायच्या खोलीत नेऊ नका. आईची लहानपणापासूनची सवय होती ती, मी हट्टाने मोडली. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, झोपेतला माणूस उठतच नाही. राखही दुसऱ्या दिवशीपर्यंत आतून धगधगत असते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच काढा.

भोकं पाडून घेणार असाल तर घ्या. आहे तसं घेऊ नका. तीन तारे.

वाळू सकाळपासून गच्चीवर उन्हात पसरलीय. ती पुरती सुकेपर्यंत पेटवणार नाही, असं आईला सांगितलंय. ती दोनदा विचारून गेली.