पावतीवर ‘कपडे’ लिहायला सांगणाऱ्या काउंटरपासून सावध राहा

सोलापुरातून पोराबाळांना जाणाऱ्या पार्सलात काय असतं, हे कुरिअरच्या काउंटरवर बसणाऱ्याला पाठ असतं. दोन चादरी, शेंगा चटणी, कडक भाकरीची चवड, दिवाळी जवळ आली की फराळ. हे सगळं देशात कुठेही बिनघोर जातं. शेवटी खोकं बंद करताना वरून एखादी पॉवर बँक, सेंटची बाटली, कापराची डबी, भावाच्या पाकिटात पाचशेची नोट घातली जाते, आणि नेमकं तिथेच गिऱ्हाईक अडकतं.

काउंटरवरचा माणूस सामान चाळतो आणि म्हणतो, “हे एअरनं जात नाही बघा, पण करू आपण. पावतीवर कपडे लिहितो. स्पेशल पॅकिंगचे तीनशे जास्त द्या.” गिऱ्हाइकाला वाटतं, बरा माणूस भेटला, अडचण सोडवली. तो पावतीवर सही करून घरी जातो. ती सही करताच त्याचा भरपाईचा दावा जवळजवळ संपलेला असतो.

पार्सल रात्री गाडीने पुण्याला जातं आणि विमानात चढण्याआधी क्ष-किरण मशीनखालून जातं. पॉवर बँकेतले सेल पडद्यावर स्वच्छ दिसतात. बबल रॅपच्या कितीही थरांनी काही झाकलं जात नाही. काही जण कार्बन पेपर किंवा चांदीचा कागद गुंडाळतात. त्याने गडद डाग दिसला, तर तपासणीवाला खोकं बाजूला काढतोच. मग ऑनलाइन ‘होल्ड’ दिसायला लागतं. दोन दिवसांनी काउंटरवरून फोन येतो, की दंड भरा नाहीतर माल नष्ट करतील, पैसे माझ्या नंबरवर टाका. हा दंड बहुतेक वेळा त्या माणसाच्या खिशात जातो. कंपनीने खरंच दंड लावला असेल तर तिच्या नावाने छापील पावती मिळते, कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागितले जात नाहीत. गिऱ्हाईक भांडायला गेलं की पावती पुढे सरकवली जाते: “कपडे तुम्हीच लिहिलेत, सही तुमची आहे.”

कायद्यानेही ही सही हलकी नाही. 1996 साली भारती निटिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सही केलेल्या कुरिअर पावतीवर जबाबदारीची मर्यादा छापलेली असेल तर ती पाठवणाऱ्याला बांधील आहे. त्या प्रकरणात भरपाई 100 डॉलरवर थांबली. तिथे तर मजकूर खोटा असल्याचा प्रश्नही नव्हता. माल खोट्या नावाने पाठवला असेल, तर तेवढीही मिळणं कठीण.

आता वस्तूंकडे वळू. कारण कळलं की काउंटरवरची थाप लगेच ओळखू येते. लिथियम सेलच्या आत दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. खोकं आपटून किंवा दाबून तो फाटला, की सेल आतूनच तापतो, शेजारचा सेल पेटवतो, आणि ही आग साध्या उपायांनी विझत नाही. विमानाच्या मालकक्षात उडताना कुणी पोहोचू शकत नाही. म्हणून 1 एप्रिल 2016 पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला जगभर बंदी आहे. पॉवर बँक ही नियमाप्रमाणे सुटी बॅटरीच आहे. “मोबाइल जातो, मग हे का नाही?” असं लोक विचारतात. मोबाइलमधली बॅटरी उपकरणात बसवलेली असते, तिचा वर्ग वेगळा आणि अटी वेगळ्या, आणि तोही कंपनीला सांगूनच द्यायचा. पॉवर बँक द्यायचीच असेल तर पुण्या-मुंबईहून विमानाने जाणाऱ्या नातेवाइकाच्या हातातल्या बॅगेत द्या. 100 वॉट-अवरपर्यंत चालते. 20,000 एमएएचची पॉवर बँक 3.7 व्होल्टने साधारण 74 वॉट-अवर भरते. चेक-इन बॅगेत मात्र नको.

सेंट, नेलपॉलिश, सॅनिटायझर यांत लगेच पेट घेणारं द्रव असतं. डिओच्या डब्यात वर दाबाचा गॅसही असतो. कापूर पेट घेणाऱ्या घन पदार्थांत मोडतो. काडेपेटी, लायटर, थिनर, ॲसिड, फटाके यांचं तर विचारूच नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांबद्दल मात्र फार थोड्यांना माहीत असतं. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ढिगात ते आपोआप तापू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. मार्च 2022 मध्ये आपल्या विमान सुरक्षा विभागाने चेक-इन बॅगेतही ते बंद केलं. चिवड्यातल्या तळलेल्या कापांची काळजी नको, अख्ख्या वाट्या घालू नका.

परदेशी पार्सलात “सगळं जातं” म्हणणारा एजंट सर्वांत धोक्याचा. ब्रिटन आणि युरोपीय संघात आपल्याकडून पाठवलेले दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे पेढे, खव्याच्या पोळ्या बाद. दुबईला अनारसे पाठवण्याआधी दोनदा विचार करा. त्यावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत येते, आणि पार्सल घेणारा अडचणीत येतो, पाठवणारा नव्हे. लेकीच्या दारात पोलीस यावेत असं कुणाला वाटेल? शेंगातेल, तूप, लोणचं गळतं आणि दुसऱ्यांचा माल खराब करतं, म्हणून बहुतेक ठिकाणी नाकारतात. शेंगा चटणी चालते, पण तिला तेल सुटतं. हवा काढलेल्या दोन पिशव्या एकात एक घालूनच द्या. नोटा, सोनं-चांदी साध्या कुरिअरमध्ये अजिबात नको. राखीच्या पाकिटातली नोट गेली, तर ती होती हेच सिद्ध करता येत नाही.

आणखी एक चाल अशी की एकाच दुकानावर पाच-सहा कंपन्यांच्या पाट्या असतात. महागड्या कंपनीचा दर घेऊन पार्सल स्वस्तातल्या कंपनीत टाकलं जातं, तेही दुकानदाराच्या स्वतःच्या नावाने. हरवलं तर कंपनीच्या लेखी पाठवणारा तो, तुम्ही कुणीच नाही. म्हणून हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर समाधान मानू नका. छापील पावतीवर पाठवणारा म्हणून तुमचं नाव, आतल्या मालाची खरी यादी, वजन आणि किंमत पाहा. त्याच संध्याकाळी कंपनीची साइट स्वतः टाइप करून नंबर तपासा. दुसऱ्या दिवशीही नोंद दिसत नसेल तर पार्सल अजून दुकानातच आहे असं समजा आणि जाऊन उभे राहा.

वजनातही घोळ होतो. हवाई पार्सलाचं बिल फक्त खऱ्या वजनावरच नाही, तर खोक्याच्या आकारमानावरही लागतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक कंपन्या 5000 ने भागतात. 40 × 30 × 30 चं खोकं 7.2 किलो धरलं जातं, आत भाकरी तीन किलोची का असेना. हे आधी न सांगता नंतर फरक मागणं हा अनेकांचा धंदा आहे. भाकरी उभ्या डब्यात, रिकामी जागा न ठेवता भरा.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवतानाही हेच लक्षात ठेवा. तिथे तर पावतीही नसते, आणि त्याच डिकीवर माणसं बसलेली असतात.

परदेशी पार्सलासाठी आधारची प्रत मागतात. ओळखपत्र द्यावं लागतं, पण आधार देणार असाल तर मास्क केलेलं, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं द्या, आणि प्रतीवर “फक्त अमुक पावती क्रमांकासाठी” असं तारखेसह आडवं लिहा. या प्रती बाहेर गेल्या की दुसरा फोन येतो: “तुमच्या आधारवर गेलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, कस्टममधून बोलतोय, पोलिसांना जोडतो.” व्हिडिओ कॉलवर वर्दी दिसते आणि फोन न ठेवण्याची धमकी मिळते. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे कॉलवरच अटक, असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. काही जण पार्सल पोहोचवण्याच्या बहाण्याने *401* सारखा कोड आणि त्यापुढे एखादा नंबर डायल करायला सांगतात. त्याने तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात आणि बँकेचे ओटीपी कॉलवर मागवता येतात. चुकून डायल झालंच तर ##002# ने सर्व वळवणी रद्द होते. पैसे गेले असतील तर पहिल्या तासातच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन करा, तेव्हाच रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

काउंटरवाल्याने खोटं लिहायला लावलं, तर सही करू नका आणि पार्सल परत घ्या. भरताना वस्तूंचा, खोक्याचा, वजनकाट्याचा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. दाद न मिळाल्यास ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथेही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.