नरसिंह रावांचं 'द इनसायडर': घ्यावं का, आणि घेतलंच तर कसं वाचावं

पी. व्ही. नरसिंह राव मे १९९६ मध्ये पंतप्रधानपदावरून उतरले आणि दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांची 'द इनसायडर' ही इंग्रजी कादंबरी वायकिंगने काढली. साडेसातशेहून जास्त पानांचा ठोकळा आहे. पैसे टाकण्याआधी एक ध्यानात ठेवावं: बहुतेक जण ज्यासाठी हे पुस्तक उचलतात, ते यात नाही. गहाण पडलेलं सोनं, रुपयाचं अवमूल्यन, मनमोहन सिंगांचं अंदाजपत्रक, हर्षद मेहता, बाबरी, यांतलं काहीही नाही. गोष्ट १९७३ ला, नायकाचं मुख्यमंत्रिपद सुटतं तिथे थांबते. पंतप्रधान रावांच्या शोधात निघालेला वाचक शेदीडशे पानांत पुस्तक मिटतो आणि 'कंटाळवाणं' असा शेरा मारून मोकळा होतो. दोष पुस्तकाचा कमी, अपेक्षेचा जास्त.

नायकाचं नाव आनंद, राज्याचं नाव अफरोजाबाद. आनंद म्हणजे राव आणि अफरोजाबाद म्हणजे आधी निजामाचं हैदराबाद, नंतरचा आंध्र प्रदेश, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. गंमत अशी की राज्यातल्या पुढाऱ्यांना टोपणनावं आहेत, पण नेहरू आणि इंदिरा गांधी आपापल्या नावांनीच वावरतात. त्यामुळे बुरखा अर्धाच राहतो. कादंबरीची मोकळीकही पुरती मिळत नाही आणि आत्मचरित्राची जबाबदारीही अंगावर येत नाही. राव मुरलेले राजकारणी होते. ही सोय त्यांनी जाणूनबुजून केली असणार.

रावांचं लेखन निवृत्तीनंतर सुरू झालं असं मात्र नाही. विश्वनाथ सत्यनारायण यांच्या 'वेयि पडगलु' या तेलुगू कादंबरीचा 'सहस्रफण' हा हिंदी अनुवाद त्यांचा. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनीच 'अबला जीवितम्' या नावाने तेलुगूत नेली, साहित्य अकादमीसाठी. मराठी त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. उस्मानिया विद्यापीठातून 'वंदे मातरम्' प्रकरणी काढल्यावर त्यांचं शिक्षण नागपुरात आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये झालं. पुढे १९८४ आणि १९८९ ला ते रामटेकमधून लोकसभेवर गेले. यमूच्या तोंडून तिची कहाणी वदवणारी आपट्यांची कादंबरी ओळीनओळ दुसऱ्या भाषेत उतरवलेल्या माणसाने स्वतःची कहाणी सांगताना मात्र 'मी' टाळून 'तो' धरला, आणि पुस्तकाची पहिली अडचण तिथूनच सुरू होते.

आनंदला चूक फारशी करूच दिलेली नाही. आजूबाजूचे भांडतात, विकले जातात, फुटतात. आनंद बघतो, विचार करतो, दुःखी होतो. संवाद लांबलचक आहेत. दोन माणसं बोलायला बसली की एक जण व्याख्यान देतो आणि दुसरा मान डोलावतो. अरुणा या आमदार स्त्रीशी आनंदचे संबंध दाखवले आहेत. पुस्तक आलं तेव्हा निम्मी चर्चा त्याच पानांची झाली, पण कादंबरी म्हणून पाहिलं तर तीच पानं सगळ्यात कच्ची आहेत. अरुणा हाडामांसाची वाटत नाही. आनंदच्या विचारांना ऐकणारं कुणीतरी हवं म्हणून ती आहे.

मग घ्यायचं कशासाठी? राज्याचं राजकारण आतून कसं चालतं, हे इतक्या बारकाईने सांगणारं पुस्तक क्वचितच सापडतं. महेंद्रनाथ आणि चौधरी या दोन पुढाऱ्यांची मुख्यमंत्रिपदासाठीची झुंज हा मधला मोठा भाग म्हणजे पुस्तकाचं खरं मोल. आमदारांची मोजदाद कशी होते, दिल्लीच्या कानावर काय आणि कुणामार्फत घातलं जातं, मंत्रिपद देऊन माणूस बांधला जातो आणि न देऊनही कसा बांधला जातो, जातींचा हिशेब उघड न बोलता कसा मांडतात, हे सगळं तिथे आहे. हे लिहिणारा माणूस १९५७ पासून वीस वर्षं तेलंगणातल्या मंथनीचा आमदार होता, बाजूला उभं राहून पाहणारा पत्रकार नव्हे. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा करू पाहणाऱ्या मुख्यमंत्र्याच्या पायाखालची सतरंजी त्याच्याच पक्षातले जमीनदार कशी ओढतात, ते सांगणारा शेवटचा भाग तर दोनदा वाचावा.

वाचण्याची रीत अशी ठेवावी. पहिल्या पानापासून सलग जायचा हट्ट नको. आधी मधली महेंद्रनाथ-चौधरी लढत वाचावी, मग शेवट, आणि गोडी लागली तर आनंदच्या बालपणाकडे यावं. शेजारी एक कागद ठेवून त्यावर खरा क्रम लिहावा: १९५२ ला हैदराबाद राज्यात बुर्गुल रामकृष्ण राव, १ नोव्हेंबर १९५६ ला आंध्र प्रदेश झाल्यावर नीलम संजीव रेड्डी, १९६० ला दामोदरम संजीवय्या, १९६२ ला पुन्हा रेड्डी, १९६४ ला कासू ब्रह्मानंद रेड्डी, ३० सप्टेंबर १९७१ ला स्वतः राव, आणि जानेवारी १९७३ ला राष्ट्रपती राजवट. पण या यादीतलं एकेक नाव पात्रांना चिकटवत बसू नये. बरेच वाचक इथेच फसतात. लेखकाने माणसं आणि प्रसंग मिसळले आहेत, त्यामुळे एका पात्राला एकच खरा माणूस शोधायला गेलं की पुढच्या प्रकरणात हिशेब चुकतो. यादी फक्त काळाचं भान राहावं म्हणून.

रावांचं पद गेलं त्यामागे जमीन एवढीच नव्हती, हेही त्या कागदावर टिपून ठेवावं. ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातल्या सरकारी नोकऱ्या स्थानिकांसाठी राखणारे मुल्की नियम वैध ठरवले, रावांनी निकालाचं स्वागत केलं आणि किनारी आंध्रात वेगळ्या राज्यासाठी 'जय आंध्र' आंदोलन पेटलं. कादंबरीचा भर जमिनीवर आहे, कारण त्यात नायक उजळून निघतो.

मराठवाड्यातल्या वाचकाला सुरुवातीची पानं इतरांपेक्षा जवळची वाटतील. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच राज्यात होते, आणि राव हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या गटाचे. गढीवरची दहशत, उर्दूतला कारभार, सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई यांच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्यांना तळटिपांची गरज पडणार नाही.

दुसरा भाग यायचा होता, आला नाही. यशवंतराव चव्हाणांचीही हीच गत झाली. तीन खंडांचा बेत होता आणि 'कृष्णाकाठ' हा एकच हाती आला, तोही १९४६ पाशी थांबलेला. दिल्लीतली वर्षं दोघांनीही बरोबर नेली.

रावांच्या बाबतीत थोडा अपवाद आहे. २३ डिसेंबर २००४ ला ते गेले आणि २००६ मध्ये पेंग्विनने 'अयोध्या: ६ डिसेंबर १९९२' काढलं. हे मरणोत्तरच छापायचं, अशी त्यांची इच्छा होती. जाडीला 'द इनसायडर'च्या निम्म्याहून कमी, आणि बाज पूर्ण वेगळा. इथे कादंबरीकार नाही, नागपुरात कायदा शिकलेला वकील बोलतो. मुद्दा एकच: बाबरी मशिदीच्या रक्षणाची उत्तर प्रदेशच्या कल्याण सिंह सरकारने राष्ट्रीय एकात्मता परिषदेला आणि सर्वोच्च न्यायालयाला हमी दिली होती, राज्यपालांचा सल्ला राष्ट्रपती राजवटीच्या विरुद्ध होता, मग मशीद पडण्याआधीच राष्ट्रपती राजवटीचं ३५६ वं कलम कसं लावणार? कागदपत्रांची मांडणी चोख आहे. ज्याला त्या काळाची टिपणं काढायची आहेत, त्याने दोन्हींतलं हेच आधी घ्यावं.

पण एकटं वाचू नये. त्या वेळचे केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांनी 'अपुरा डाव'मध्ये दुसरी बाजू मांडली आहे: वेळ आलीच तर मशिदीची वास्तू ताब्यात घेण्याची योजना गृहखात्याने नोव्हेंबरातच तयार करून दिली होती, ती वापरली गेली नाही. रावांच्या पुस्तकात जुलै ते डिसेंबर १९९२ च्या तारखा जिथे येतात, तिथे खूण करून गोडबोल्यांचं तेच आठवडे सांगणारं प्रकरण उघडावं. नोव्हेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांवर दोघांचं सर्वांत जास्त फाटतं.