केळशी की निवती? तंबू आणि शिंपले, दोन्ही हवे असतील तर

पुण्याहून एखाद्या कोळीवाड्याच्या शांत किनाऱ्यावर जायचं, रात्री तंबूत राहायचं आणि सकाळी शंख-शिंपले वेचायचे असा बेत असेल, तर गाव ठरवायच्या आधी कॅलेंडरात तिथी बघा. ज्या पहाटे शिंपले भरपूर मिळतात, त्याच्या आदल्या रात्री पाणी सगळ्यात वर चढलेलं असतं.

कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा १ पासून मोजायचं. द्वितीयेला रात्री आणि दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे सकाळी साडेसातला पाणी पार मागे. उधाणाचे दिवस आणि उजेडातली ओहोटी असा योग प्रतिपदा ते तृतीया जुळतो. पण रात्रीची भरती तुम्ही गाढ झोपेत असताना येते, आणि थंडीत ती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. तेव्हा तंबूला धोका कमी, पण वाळूही फारशी उघडी पडत नाही. हा ठोकताळा अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून घ्या.

केळशी दापोली तालुक्यात, पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-मंडणगडमार्गे दोनशे किलोमीटरच्या आसपास. शनिवार-रविवारात जमतं. किनारा लांब आणि सपाट, खाडीच्या तोंडाशी वाळूची टेकडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी या टेकडीचा अभ्यास केलेला आहे, तेव्हा तिच्यावर तंबू ठोकू नका, ती खणूही नका. वाळूत राहणारे दोन झडपांचे शिंपले इथे जास्त. लहान मुलं बरोबर असतील तर केळशीच घ्या.

निवती वेंगुर्ला तालुक्यात, कोल्हापूर-कुडाळमार्गे चारशेच्या आसपास. किमान दोन रात्री हव्यात, नाहीतर सगळा वेळ गाडीतच जातो. किल्ल्याच्या पायथ्याशी खडक आहेत, आणि कवड्या व पीळदार शंख राहतात ते खडकांच्या आधाराने. म्हणून विविधता इथे जास्त. मात्र गावाच्या पुळणीवर होड्या आणि जाळी असतात. ती कोळ्यांची कामाची जागा आहे, तिथे तंबू नको. घरगुती खोली घ्या. पहाटे होडी लागल्यावर जाळी झाडतात तेव्हा खोल पाण्यातले शंख निघतात. काम उरकल्यावर विचारलंत तर मिळूनही जातील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं नाव बरेच जण सुचवतात. तिथे तंबूचा विचार सोडा, ती कासवांची जागा आहे. केळशीलाही कासवं अंडी घालतात, म्हणून तिथेही वाळूवर शेकोटी आणि प्रखर बॅटरी नको. किनाऱ्याला लागून असलेल्या एखाद्या वाडीत मालकाला विचारून तंबू टाका आणि पोलीस पाटलांना कळवा. फक्त माडाखाली नको, झावळी किंवा नारळ पडतो.

जागा निवडताना मर्यादवेल शोधा. जांभळी फुलं आणि आपट्यासारखी दुभंगलेली पानं असलेली ही वेल रोजच्या भरतीच्या रेषेपलीकडे पसरते. तंबू तिच्याही मागे, तिला न तुडवता. वाळूत नेहमीच्या खुंट्या उपटून येतात. त्याऐवजी पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा आणि पिशवी फूटभर खोल आडवी पुरा. संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून येतो, उत्तररात्री मतलई जमिनीकडून. दोन्ही बाजूंच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या नाहीत तर पहाटे आतून पाणी ठिबकतं. माणशी दिवसाला ४ लिटर गोडं पाणी न्या. गाडी ओल्या वाळूवर घालू नका.

वेचताना प्रत्येक शंख समुद्राच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. आत खेकडा असेल तर तो पाय बाहेर काढतो, मग तो तिथेच सोडा. शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर त्याला हात लावू नका. आतली गोगलगाय विषारी दात मारते, रुंद टोकाकडून धरला तरी. प्रवाळ, समुद्री घोडे आणि शंखांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. मेलेलं प्रवाळही उचलू नका.

घरी आल्यावर शिंपले दोन दिवस गोड्या पाण्यात, पाणी दोनदा बदलून. मग जुन्या ब्रशने घासा आणि सावलीत वाळवा. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका, शिंपला चुन्याचा असतो आणि आम्लाने त्याची झिलई उतरते. पूर्ण वाळल्यावर खोबरेल तेलाचं एक बोट फिरवलं की ओला असतानाचा रंग परत दिसतो.